वाकड्या खांद्याचं माप

शिवणाच्या बाईंनी तेरा वर्षं वाकड्या अंगांची मापं घेतली. कुणाला कुबड, कुणाचा अपघातात एक खांदा उतरलेला, कुणाचा दिवस चाकाच्या खुर्चीत जायचा. तयार कपडा ज्यांना कधी धड बसला नाही, त्यांच्यासाठी कसं बेतायचं, याचं बाईंनी पुस्तक लिहिलं. आकृत्याही स्वतःच काढल्या.

सहा महिन्यांत ते इंटरनेटवर फुकट फिरू लागलं. लेखिकेच्या नावाचं पान तेवढं गळालं होतं. ज्या मंडळानं ते टाकलं, त्यानंच बाईंना भाषणाला बोलावलं. विषय होता, 'ज्ञान सर्वांचं'.

"मावशी, कशाला तोंडाची वाफ दवडतेस?" भाची म्हणाली.

"घरात बसून बोटं मोडली तर ऐकणार कोण?" म्हणत बाई निघाल्या.

सभागृहात मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "बाईंनी आपलं पुस्तक समाजाला अर्पण केलंय."

बाई उठल्या. "मी नाही अर्पण केलं. तुम्ही उचललंत. हे सभागृह फुकट मिळालं का?"

"भाडं दिलं."

"आणि माइकवाला?"

"बाई, त्याला पोट आहे."

"मला काय, शोभेचं आहे?"

मागच्या रांगेत हशा पिकला. तेवढ्यात एक तरुणी उभी राहिली. चेहरा उतरला होता. "बाई, मीही तिथूनच उतरवून घेतलं. विकत घ्यायची ऐपत नव्हती. आईसाठी झगा शिवला."

"खांदा बसला?"

"बसला. पाठीत चुणी येते."

"मधली शिवण अर्धं बोट आत घे. आणि मान वर कर, तुझ्यावर माझा राग नाही. मला विचारलं असतंस तर मीच दिलं असतं." मग बाई अध्यक्षांकडे वळल्या. "माझा राग या हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणाऱ्यांवर आहे. फुकट द्यायचं की नाही, ते मी ठरवीन."

टाळ्या मोजक्याच पडल्या. बाईंनी चहाही घेतला नाही.

महिन्याभरात भाचीच्या मदतीनं त्यांनी पुस्तक स्वतःच इंटरनेटवर ठेवलं. वर लिहिलं: ज्याला परवडत नाही त्यानं खुशाल घ्यावं, शिवणवर्ग आणि दुकानांनी पैसे भरावेत. पाच वर्गांनी भरले. एकानं उलट उपदेशाचं पत्र धाडलं.

मंडळानं आपली प्रत अजून काढलेली नाही. बाई दर सोमवारी त्यांना पत्र लिहितात, आणि उरलेला आठवडा पुस्तकाच्या दुसऱ्या भागासाठी मापं घेतात.