उणे दोनशे सदतीस टक्के

पाड्यावर एक्केचाळीस घरं होती. त्यातल्या सदतीस घरांत वीजमीटर होते, चार घरांत वीजच नव्हती. अडतिसावा मीटर खाली दरीत, विहिरीवरच्या पंपाचा. सदतीस घरांपैकी सत्तावीस घरांना कुलूप होतं. उघड्या दहा घरांत मिळून एकोणीस माणसं होती, साठीच्या पुढची किंवा दहाच्या आतली. पाड्याच्या वरच्या टोकाला दोन खांबांच्या मध्ये पंचवीस केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर होता. तो ९ फेब्रुवारीला जळला होता आणि मी गेले तो दिवस होता २४ फेब्रुवारी.

सुरगाण्यातले हे लोक दिवाळीनंतर दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षबागांत कामाला उतरतात आणि शिमग्याला परततात. जाताना घरातले बल्बही काढून सोबत नेतात, बागेतल्या पालात लावायला. हे मला वायरमन पुंजाराम गावित यांनी सांगितलं. मी एमएस्सी फिजिक्स करून वीज कंपनीच्या नाशिक रोडच्या कार्यालयात कंत्राटावर लागले होते. काम एवढंच होतं, की प्रत्येक ट्रान्सफॉर्मरमधून किती युनिट गेले आणि त्याखालच्या ग्राहकांना किती युनिटांची बिलं लागली, ते पाहायचं. फरक म्हणजे तोटा. कुठे गळतीचा, कुठे चोरीचा.

या पाड्याचा तोटा उणे दोनशे सदतीस टक्के येत होता. नोव्हेंबर ते जानेवारी ट्रान्सफॉर्मरमधून सहाशे चौसष्ट युनिट गेले होते आणि बिलं लागली होती दोन हजार दोनशे छत्तीस युनिटांची. जेवढी वीज दिली तिच्या तिपटीहून जास्त विकली गेली होती. म्हणून मी स्वतः पाहायला गेले.

कारण तासाभरात सापडलं. पाड्यावर मीटर ओटीच्या आत, कुडामागे असतात. रीडिंग घेणारा माणूस कुलूप पाहून मशीनमध्ये ‘घर बंद’ टाकतो. मग संगणक पावसाळ्यातल्या महिन्यांची सरासरी काढून प्रत्येक घराला महिना वीस युनिट लावतो. सत्तावीस घरं, वीस युनिट, तीन महिने. सोळाशे वीस युनिट अस्तित्वातच नव्हते.

नऊ घरांच्या किल्ल्या नवसाबाई भोये यांच्याकडे होत्या. पासष्टीच्या आसपासची बाई, सोबत सहा वर्षांची नात. मुलगा जयराम आणि सून बागेवर गेलेले. नवसाबाईंनी एकेक दार उघडून दिलं. होल्डर रिकामे होते. मी मीटरचे आकडे ऑक्टोबरच्या आकड्यांशी ताडून पाहिले. आठ घरांत फरक शून्य, एका घरात एक युनिट. शेजारच्या जयरामच्या घरावर साठ युनिट लागलेत असं मी सांगितलं, तेव्हा नवसाबाई हसल्या.

“मंग उंदरं टीवी बघत असतील, बाई. दुसरं कोन हाय तिथं?”

हसण्यासारखं तेवढंच होतं. जळालेला ट्रान्सफॉर्मर बदलून हवा असेल तर त्याच्यावरच्या निदान ऐंशी टक्के ग्राहकांची बिलं भरलेली लागतात, नाहीतर भांडारातून नवा सुटतच नाही. इथे अडतिसातले अकराच भरलेले होते. ट्रान्सफॉर्मर नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून वरची टाकी कोरडी. नवसाबाई दिवसातून तीनदा दरीत उतरत होत्या. पहिल्या उतारावर त्यांना दम लागत नव्हता, पण उतरताना त्या डावा पाय आधी टाकत आणि उजवा त्याच्याजवळ आणून थांबत.

“पडले तर हिला कोन बघंल?” नातीकडे बोट करून त्या म्हणाल्या. “आथा तू लिहून घेतलंस ना? मंग लवकर लाव.”

मी लवकर लावते म्हणाले. नंतर त्यांच्यामागून खाली उतरले. फोनवर उंची मोजली. विहिरीपासून पाड्यापर्यंत अठ्ठावन्न मीटर चढ होता. त्यांचे हंडा-कळशी मिळून अठरा लिटर पाणी. तेवढं पाणी तेवढं वर चढवायला हिशोबाने एका युनिटाच्या हजार भागांतले तीन भागही लागत नाहीत. परत निघण्याआधी पुंजारामांनी जीपमधून काढून वर आणलेली बॅटरी आणि माझं उपकरण जोडून ट्रान्सफॉर्मरचा मीटर तपासला. चूक अर्ध्या टक्क्याच्या आत होती. मीटर उत्तम होता.

२६ तारखेला मी कागद घेऊन उपकार्यकारी अभियंता राकेश शेवाळे यांच्यासमोर बसले. माणूस वाईट नव्हता. वादळात खांब पडले की स्वतः चिखलात उभा राहायचा. त्यांनी सगळे आकडे नीट वाचले.

“तू फिजिक्सची. हे युनिट आले कुठून?”

“आलेच नाहीत, सर.”

“आणि आपण विकले.” त्यांनी कागद उलटा ठेवला. मग समजावून सांगितलं. असे पाडे विभागात एकशे नव्वद होते. सगळ्यांचे खोटे युनिट मागे घेतले तर विभागाचा तोटा चौदा पूर्णांक सात टक्क्यांवरून सोळावर जात होता. पंधराच्या आत राहिलो तरच मार्चनंतर अनुदानाचा पुढचा हप्ता मिळणार होता आणि त्या हप्त्यातून विभागाला तीनशे चाळीस नवे ट्रान्सफॉर्मर यायचे होते. कंपनीकडे स्वतःचे पैसे नव्हते. वसुलीपेक्षा वीज विकत घेण्याचा खर्च दरमहा जास्त होता.

मी विचारलं, बाकीचे राहू देत, या एका पाड्याची बिलं दुरुस्त करता येणार नाहीत का. ते म्हणाले, एक केलं की प्रणाली तीच तपासणी सगळ्यांना लावते.

“एक एप्रिलला मी स्वतः सही करतो. चौतीस दिवस. तोवर तुझी ही नोंद यादीतून काढ.”

नोंद काढायची पद्धत कार्यालयात सगळ्यांना ठाऊक होती. तोटा उणे आला की शेऱ्यात ‘ट्रान्सफॉर्मर मीटर सदोष’ लिहायचं. मग तो ट्रान्सफॉर्मर हिशोबातून गळतो. मी स्वतः तपासलेल्या मीटरपुढे तो शेरा लिहिला आणि खाली माझं नाव टाकलं. तेव्हा मला तीनशे चाळीस हा आकडा एकापेक्षा मोठा वाटला होता.

८ मार्चला सकाळी पुंजारामांचा फोन आला. नवसाबाई दरीतून चढताना घसरल्या होत्या. नात वर पळत येऊन सांगेपर्यंत अर्धा तास गेला. पाड्यावर झोळी उचलू शकतील असे दोनच म्हातारे होते. पुंजारामांनी खालच्या गावातून चार माणसं आणली आणि नवसाबाईंना चार किलोमीटर झोळीतून, पुढे जीपने नेलं. नाशिकच्या दवाखान्यात पोचायला संध्याकाळ झाली. डावी मांडी मोडली होती.

पाच दिवसांनी शिमग्याला लोक परतले. मी पाड्यावर गेले नाही. पुंजारामांनी ऐंशी टक्क्यांचा नियम सांगितला. दोन-चार जणांनी त्यांना शिव्या घातल्या. बंद घराचं बिल कशाचं, असं सगळ्यांनीच विचारलं. तरी लोकांनी बागेवरच्या मजुरीतून पैसे काढले. आईला दवाखान्यात ठेवून जयराम एका दिवसासाठी पाड्यावर गेला आणि न जळलेल्या साठ युनिटांचं बिल भरून आला. २७ मार्चला अडतिसातले एकतीस भरलेले झाले, म्हणजे एक्क्याऐंशी पूर्णांक सहा टक्के. ३० मार्चला नवा ट्रान्सफॉर्मर बसला. विभागाचं वर्ष चौदा पूर्णांक सहावर बंद झालं.

शेवाळेंनी शब्द पाळला. १ एप्रिलला बिलं मागे घेण्याच्या प्रस्तावावर त्यांनी सही केली. तो ९ एप्रिलला मुख्य कार्यालयातून परत आला. कमी वीज वापरल्याचा पुरावा म्हणून दाखवलेला ट्रान्सफॉर्मरचा मीटर आपल्याच कार्यालयाच्या नोंदीनुसार सदोष आहे, सबब मागणी अमान्य, असं त्यावर लिहिलं होतं.

त्या दिवशी मी जयरामला फोन करून शेऱ्याचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, “आईला सांगू नका. तिला वाटतं तुमीच ट्रान्सफॉर्मर लावला.”

एप्रिलच्या शेवटी नवसाबाईंना तपासणीला आणलं, तेव्हा मी दवाखान्यात गेले. त्यांनी माझा हात धरला आणि नळाला पाणी येतं असं दोनदा सांगितलं. पुन्हा चढउतार करता येईल का, असं जयरामने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी नवसाबाईंना पलंगावर सरळ निजवलं, दोन्ही पाय जुळवले आणि कंबरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत टेप लावली. परिचारिकेने आकडे लिहून घेतले. उजवा अठ्ठ्याहत्तर पूर्णांक पाच सेंटीमीटर, डावा पंच्याहत्तर.