बॉनेटखाली काय आहे

फुकटात कोणी कुणाला काही देत नाही, हे मला शनिवारच्या शर्यतींनी शिकवलंय. टेनेसीच्या डोंगरातल्या आमच्या मातीच्या ट्रॅकवर मी उकडलेले शेंगदाणे आणि हॉटडॉग विकते. जाहिरातवाले कसे येतात नि कसे जातात, सगळं काउंटरमागून दिसतं. टायरवाला येतो तो टायर खपवायला. मग हे सैन्याच्या राखीव दलाचे लोक काय खपवायला आले होते?

या मोसमात त्यांनी बक्षिसं लावली, कुंपणभर फलक लावले आणि शुक्रवारी रेसची एक चकचकीत गाडी आणून थेट माझ्या स्टॉलसमोर उभी केली. सोबत सार्जंट प्रुइट. कडक इस्त्री, गोड बोलणं. माझ्या रेलिनच्या डोक्यात त्याने भरवलं होतं, महिन्यातून एक शनिवार-रविवार, उन्हाळ्यात दोन आठवडे दलात काम केलं, की कॉलेजची फी माफ. पोरगी सतराची, त्यामुळे सही माझी लागणार होती, आणि ती मी देणार नव्हते. एकच तर पोर आहे मला.

मी त्या गाडीवर डोळा ठेवला. आल्यापासून ती एकदाही सुरू झाली नव्हती. खाली तेलाचा थेंब नाही, जवळ गेलं तर पेट्रोलचा वास नाही. बॉनेट मात्र पिना लावून गच्च बंद. पाणी कुठंतरी मुरत होतं.

शनिवारी मधल्या सुट्टीत गाडीभोवती घोळका जमला, तशी मी एप्रनला हात पुसत बाहेर आले.

"सार्जंट, जरा सुरू करून दाखवा की. ऐकू दे सगळ्यांना आवाज."

"नाही होणार, मॅडम."

"का? किल्ली घरी राहिली?"

लोक हसले. त्याने निमूट पिना काढल्या आणि बॉनेट उचललं. आत नुसती पोकळी.

"प्रदर्शनाची गाडी आहे," तो म्हणाला. "हिला इंजिन नसतंच."

मला कोण आनंद झाला! चोर पकडल्यासारखी मी रेलिनकडे वळले. "बघितलंस? वरून रंगरंगोटी नि आत ठणठणाट! असल्या माणसाच्या शब्दावर जाणार तू?"

"मला ठाऊक होतं, ममा. काल ट्रेलरवरून उतरवताना मीच ढकलली ती."

"आणि तरी?"

"तरी काय? तू विचारलंस, त्याने उघडून दाखवलं." मग तिने आवाज खाली आणला. "आपल्या शेडमधल्या गाडीत तरी कुठं इंजिन आहे? डॅडी इंजिन आणतो म्हणून जॉर्जियाला गेला तो गेलाच, तेव्हा मी तिसरीत होते. तू अख्ख्या जगावर संशय घेतेस आणि त्याच्या गाडीवर दर हिवाळ्यात नवी ताडपत्री घालतेस."

तोंडात मारल्यासारखं झालं. रडू आलं, रागही आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. म्हणून सार्जंटवर काढला.

"महिन्यातून एक शनिवार-रविवार म्हणे! आणि लढाई लागली तर?"

"तर बोलावतील, मॅडम. वर्षभरासाठीसुद्धा. मी दोनदा जाऊन आलोय."

"आणि माझी पोरगी परत येईल याची खात्री?"

"ती मी देत नाही. कुणालाच देता येत नाही."

मी रेलिनकडे पाहिलं. तिने मान डोलावली. हेही तिचं विचारून झालं होतं.

त्याने थाप मारली असती तर किती बरं झालं असतं. मला नाही म्हणता आलं असतं. नक्की परत येतो म्हणून सांगणारा माणूस मी पाहिला होता. हा तसा नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"सोमवारी कागद घेऊन घरी या," मी म्हणाले. "ओळ न् ओळ वाचल्याशिवाय सही करणार नाही. बसावं लागेल तोवर."

"बसेन, मॅडम."

"आणि तो ट्रेलरही आणा. बिनइंजिनाची गाडी चढवायची सवय आहे ना तुम्हाला? आमच्याकडे एक आहे. भंगारवाल्याकडे न्यायचीय."

रेलिन माझ्याकडे बघतच राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती घाबरलेली दिसली.