गोटी सोड्याची बाटली समुद्रावर जाते

माझ्या गळ्यात जन्मापासून एक काचेची गोटी अडकलेली आहे, मित्रांनो. मला हलवले की ती किणकिणते. तेवढ्यावरून तुमच्या आजोबांनी मला लगेच ओळखले असते. तुम्हाला मात्र नाव सांगावे लागेल. मी गोटी सोड्याची जुनी बाटली. बंगळुरूत मला सगळे 'गोली सोडा' म्हणत.

वाळू वितळवून, भट्टीतल्या लाल रसाला फुंकर घालून मला घडवले. गळ्याशी दोन्ही बाजूंनी चिमटे काढले, आत गोटी सोडली आणि तोंडाशी रबराची कडी बसवली. मग पेंढ्यात गुंडाळून आम्हा बहिणींना आगगाडीने बंगळुरूला पाठवले. शिवाजीनगरच्या बसस्टँडजवळ अप्पासाहेबांचे सोड्याचे दुकान होते. तिथे आम्ही उतरलो आणि तेच आमचे घर झाले.

अप्पासाहेबांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरूतले. घरात मराठी, दुकानात कन्नड. ते आम्हाला ब्रशने घासून धूत, पाणी भरून यंत्रात उलटे बसवत आणि मोठे चाक फिरवत. आत वायू शिरला की गोटी धावत वर येऊन कडीला घट्ट चिकटे. गिऱ्हाईक बाकावर टेकले की अप्पासाहेब अंगठ्याने गोटी दाबत. 'फट्‌' असा आवाज होई, आणि उन्हातून आलेल्या माणसाचा चेहरा उजळे. "अण्णा, इन्नोंदु," असे म्हणून लोक आणखी एक मागत. कोणी मला तोंडाला लावून डोळे मिटले की मला फार बरे वाटे.

पण माझे खरे मोठेपण घरात होते. अप्पासाहेबांच्या पत्नी रत्नाबाई यांना बस लागायची. जवळच्या तुमकुरूला लग्नाला जायचे तरी वाटेत उलटी. शिवाय "परक्या गावचं पाणी बाधतं" हे त्यांचे ठाम मत. म्हणून प्रवास निघाला की घरचे पाणी आणि आले-लिंबू घातलेला घरचा सोडा बरोबर हवाच. पुढे प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या, दुकान मंदावले आणि एक दिवस कायमचे मिटले. यंत्र राजाजीनगरच्या घरी आले आणि आम्ही लाकडी खोक्यातून माळ्यावर गेलो. अंगावर धूळ चढली, कडीच्या रबराला भेगा गेल्या. गोटी गळ्यातच गप्प बसून राहिली. आपल्याला सगळे विसरले, असे मी मनाशी धरून चालले होते.

मग संयोगिताचा फोन आला.

संयोगिता म्हणजे रत्नाबाईंची नात, मुलाची मुलगी. शिकून ती जहाजावर अधिकारी झाली होती. प्रवाशांना समुद्रात फिरवून आणणारे ते मोठे क्रूझ जहाज. जहाज चालवणाऱ्यांपैकी ती एक. तिने आजी-आजोबांना दोनदा बोलावले होते, आणि दोन्ही वेळा रत्नाबाईंनी नकार दिला होता. ज्या बाईला बस लागते, तिला बोट किती लागेल! या वेळी संयोगिता म्हणाली, "आज्जी, यानंतर मी फार लांबच्या जहाजावर जाणार. मी कुठे राहते, काय करते, ते एकदा येऊन बघ ना."

रत्नाबाईंनी एकदा माळ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "सरी, बरं. येते. पण माझं पाणी आणि माझा सोडा बरोबर घेऊन."

"अगं, जहाजावर बाहेरचं पाणी, सोडा काही चालत नाही."

"ते मी बघते," रत्नाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या दुपारी अप्पासाहेब स्वतः माळ्यावर चढले. आम्हाला खाली आणले, धुतले, नव्या कड्या घातल्या. मोठे चाक पुन्हा फिरले. माझी गोटी पुन्हा धावत वर आली! मित्रांनो, किती वर्षांनी माझ्या पोटात बुडबुडे नाचले होते, काय सांगू!

चेन्नईच्या बंदरात मी पहिल्यांदा जहाज पाहिले. म्हणजे आधी ती मला पांढरी भिंतच वाटली. मग भिंतीला खिडक्या दिसल्या, खिडक्यांवर खिडक्या, आणि सगळ्यांत वर धुराडे. रत्नाबाईंनी मान एवढी मागे टाकली की डोक्यावरचा पदर सरकला. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "हे पाण्यावर तरंगतं?"

अप्पासाहेबांनी आमची पिशवी उचलली आणि ते दाराकडे चालू लागले.

तपासणीच्या दारात आमची पिशवी थांबवली गेली. तिथला रक्षक साठीकडे झुकलेला, मिशा पांढऱ्या. त्याने एकेक बाटली काढून मेजावर ठेवली आणि कागदांवर बंगळुरू वाचून मोडक्या कन्नडमध्ये समजावले, "अम्मा, बाहेरचं पाणी नाही, सोडा नाही. इथे ठेवा, परत येताना घेऊन जा."

"मग मी जात नाही," असे म्हणून रत्नाबाई बाकावर बसल्या. मांडीवरचे हात घट्ट आवळलेले. रांग पुढे सरकत होती. अप्पासाहेब एकदा दाराकडे आणि एकदा बायकोकडे पाहत उभे राहिले. बंगळुरूहून इतक्या लांब येऊन सगळे इथेच संपते की काय, या भीतीने माझी गोटीही कडीला अधिकच चिकटली.

तेवढ्यात संयोगिता आली. पांढराशुभ्र गणवेश, खांद्यावर सोनेरी पट्टी. पांढऱ्या मिशांचा तो रक्षक तिला पाहताच ताठ उभा राहिला. रत्नाबाई नातीकडे बघतच राहिल्या. जिची वेणी त्यांनी रोज घातली, ती हीच का?

संयोगिताने वाकून नमस्कार केला. रत्नाबाईंना धीर आला. "संयू, सांग यांना. आजोबांच्या हातचा सोडा आहे."

संयोगिता त्यांच्याजवळ बसली. "आज्जी, नाही नेता येणार."

"तुझी आज्जी असून?"

"माझी आज्जी आहेस म्हणून तर मुळीच नाही. एकाच्या बाटलीत सोडा असतो, दुसऱ्याच्या बाटलीत दारू. त्यातून ही काचेची, आत वायू कोंडलेला. कुणाच्या खोलीत फुटली तर? एवढी माणसं आमच्या भरवशावर झोपतात गं."

हे ती अगदी हळू बोलली, पण आवाज जरासुद्धा हलला नाही. रत्नाबाईंचा चेहरा आधी पडला. मग त्या नातीला नव्याने पाहू लागल्या, एखाद्या मोठ्या माणसाकडे पाहावे तशा. शेवटी उठल्या.

"अहो, फोडा सोडा. इथेच पिऊन टाकू."

आणि त्या दारात, मित्रांनो, अप्पासाहेबांचे दुकान पुन्हा एकदा उघडले! फट्‌, फट्‌, फट्‌! रांगेतल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. एका नव्या नवरीला ठसका लागला. मी मात्र रत्नाबाईंच्या वाट्याला आले होते. पिऊन झाल्यावर त्यांनी मला रक्षकापुढे धरले. "रिकामी तरी नेऊ द्याल?"

रक्षकाने संयोगिताकडे पाहिले. ती म्हणाली, "ते तुम्ही ठरवायचं." त्याने मला उजेडात फिरवले, वास घेतला, आणि हसून परत दिले. बहिणी मागे राहिल्या. मी एकटी जहाजावर चढले.

व्हायचे तेच झाले. किनारा सुटला आणि रत्नाबाईंना बोट लागली. त्या पलंगाला खिळल्या. जहाजावरचे पाणी तोंडाला लावेनात. "कुठल्या गावचं आहे कोण जाणे," एवढेच म्हणत. सकाळपर्यंत ओठ सुकले, डोळे खोल गेले. डॉक्टरीण येऊन औषध देऊन गेली. पोटात पाणी गेले नाही तर सलाईन लावावी लागेल, असे बजावून गेली. अप्पासाहेब उशाशी बसून नुसते कपाळ चोळत होते.

कामाची पाळी संपताच संयोगिता धावत आली. तिने आज्जीला आधार देऊन उठवले, मला नळाखाली धरून काठोकाठ भरले आणि आम्हाला वरच्या डेकवर नेले.

आणि तिथे समुद्र होता.

काय सांगू तुम्हाला! पुढे पाणी, मागे पाणी, जिथे नजर टेकवावी तिथे पाणी. कुठे भिंत नाही, झाड नाही, दुसरा काठ नाही. आभाळ खाली उतरून सगळीकडून पाण्याला टेकलेले. उन्हाचे इतके तुकडे त्यावर पसरलेले की जणू जगातली सगळी काच कुणी तिथे सांडून ठेवली आहे. मी वाळूतून जन्मले, पण एवढ्या मोठ्या पाण्यापुढे मला माझे नावही आठवेना.

"आज्जी, लांब त्या रेषेकडे बघत राहा. पोट निवतं," संयोगिता म्हणाली. मग मला पुढे करून, "आता हे पी. हे याच समुद्राचं आहे."

"समुद्राचं? खारट नाही?"

"भात शिजताना झाकणाला आतून पाणी जमतं ना, तसंच. आमच्या इंजिनाच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी तापतं, वाफ होते, मीठ खाली राहतं. ती वाफ थंड केली की प्यायचं पाणी. मग ते शुद्ध करून नळाला सोडतात. सगळं जहाज हेच पितं."

रत्नाबाईंनी समुद्राकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. पुन्हा समुद्राकडे.

"म्हणजे या पाण्याला गावच नाही गं," त्या म्हणाल्या. "मग ते परकं कसं असेल?"

आणि त्यांनी मला ओठांना लावले. एक घोट. थांबल्या. दुसरा. गोटी किणकिणली. अप्पासाहेबांनी तोंड वळवून डोळे पुसले. मी आयुष्यभर किती जणांची तहान भागवली असेल, पण समुद्र माझ्या पोटात मावला तो त्या एकाच सकाळी!

संध्याकाळी रत्नाबाई आपल्या पायांनी डेकवर आल्या. संयोगिता वर, काचेच्या उंच खिडक्यांमागे कामावर होती. एकाएकी जहाज वळू लागले. एवढे मोठे गाव, त्यातली सगळी माणसे, दिवे, स्वयंपाकघरे. सगळे संथपणे एका बाजूला फिरले, आणि मागे पाण्यावर पांढरी कमान उमटली. "आपली संयू वळवतीये?" रत्नाबाईंनी विचारले. अप्पासाहेबांनी मान डोलावली. रत्नाबाईंनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला आणि ती कमान विरघळून जाईपर्यंत त्या पाहत राहिल्या.

उतरताना त्यांनी मला संयोगिताच्या हातात दिले. "ही तुझ्याकडे राहू दे. मी बंदरातल्या बाकीच्या घेऊन जाते."

तेव्हापासून मी तिच्या खोलीत, गोल खिडकीशी राहते. रोज समुद्र पाहते, आणि अजून त्याची सवय होत नाही. पण एक गोष्ट मला टोचते. संयोगिता कधीकधी मला जेवणघरात बरोबर नेते; तिथे लोक पेले भरून घेतात, दोन घोट पितात आणि उरलेले टाकून उठतात. समोर अथांग पाणी असल्यामुळे त्यांना वाटत असेल, पाण्याला काय तोटा? मित्रांनो, त्या अथांग पाण्यातला एक घोट तुमच्या ओठांपर्यंत यावा म्हणून खाली इंजिनाशी माणसे घामाने भिजत असतात. तुमच्या गावी टँकरमागे धावणाऱ्या माणसांना हे मी काय सांगावे? माझे एवढेच मागणे आहे. तहान असेल तेवढेच पाणी घ्या, आणि घेतलेला शेवटचा थेंब प्यायल्याशिवाय पेला खाली ठेवू नका.