ओढे आणि चाऱ्या

सुमितचा फोन आला तेव्हा आमू दुधात भाकरी कुस्करत होती.

“आबा, जूनपासनं तिला हिकडंच आणतो,” तो म्हणाला. “शाळेत बोलून ठिवलंय. रविवारी आम्ही दोघंबी येतो.”

मी बरं म्हणून फोन ठेवला. आमूने मान वर न करता विचारलं, “पप्पा काय म्हणत व्हते?”

“रविवारी येणार हायेत.”

“आन्?”

“आन् काय? खा तू.”

सुमित माझा एकुलता मुलगा. कारेगावला राहतो, एमआयडीसीतल्या एका कंपनीत मशीनवर आहे. सून सीमा तिथेच पॅकिंगला जाते. दोघांच्या शिफ्टा उलटसुलट, खोलीवर लेकराकडे बघायला कोणी नाही, म्हणून आमूला चालायला लागली तशी आमच्याकडे आणून ठेवली. तिला वाढवली ती माझ्या बायकोने, ताईबाईने. ताईबाई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी आणि ही चौथीतली पोर.

आमचं गाव भीमेच्या काठाला, शिरूर तालुक्यात. पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो. शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. तिथे अंजना मॅडम आल्या आणि शाळेच्या भिंती आकृत्यांनी भरून गेल्या. कुठलंही काम निघालं की त्या पोरांना आधी आकृती काढायला लावतात. मधे गोल, गोलात एक शब्द, त्याच्याभोवती मोठा गोल आणि त्यात त्या शब्दाबद्दल जे जे माहीत असेल ते. सगळ्याच्या बाहेर एक चौकट. चौकटीत लिहायचं, हे तुला कसं कळलं. पाहिलं, ऐकलं, वाचलं, का नुसतं वाटलं. ज्याला सांगता येणार नाही त्याचं लिहिलेलं कोणी पुसत नाही, पण पुढे प्रश्नचिन्ह पडतं.

ताईबाई गेली त्या महिन्यात आमूने घरी भिंतीवर असा एक कागद चिकटवला. मधे लिहिलं होतं ‘आज्जी’. भोवती हिरवा चुडा, तंबाखूची मिसरी, जात्यावरची ओवी, रागावली की गप्प. मला तेव्हा अक्षरं नुकती लागू लागली होती. रात्रशाळेच्या पुस्तकातलं ‘कमळ’ आणि ‘बदक’ माझ्या डोक्यात राहत नव्हतं. भिंतीवरचं ‘मिसरी’ मात्र मी एका झटक्यात वाचलं, आणि मग उंबऱ्यात जाऊन बसलो.

मुलांची सगळ्यात लाडकी आकृती वेगळीच. एखादी गोष्ट का घडली आणि तिच्यामुळे पुढे काय होईल, ते शोधायची. मधे ती गोष्ट. डावीकडून कारणं येऊन मिळतात, उजवीकडे परिणाम फुटत जातात; बाहेरची चौकट इथेही असते. पुस्तकात तिचं काहीतरी अवघड नाव होतं. पोरांनी तिला नाव ठेवलं ओढे-चाऱ्या. ओढे नदीला येऊन मिळतात, आणि नदीचं पाणी चाऱ्यांनी रानात जातं, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

शाळेच्या समितीत मी पालक म्हणून आहे. एरवी सभेला मी व्हरांड्याच्या खांबाला टेकून मागे बसायचो. बोलायचे ते आनंदराव आप्पा, आमचे अध्यक्ष, आणि त्यांच्या शेजारचे दोघंतिघं. एकदा मॅडमनी सभेत खडू मुलांच्या हातात दिला. विषय होता, मोठ्या मुली जेवणाच्या सुट्टीनंतर घरी का जातात. आमूने फरशीवर मधे चौकोन काढला आणि सगळ्यांना भोवती बसायला लावलं. खांब माझ्या पाठीमागेच राहिला.

“मॅडम, आता म्हातारपणी रांगोळी काढायला लावता व्हय?” आप्पा म्हणाले. “त्यात काय शोधायचंय? आया रानात खुरपायला न्हेत्यात पोरींना.”

आमू म्हणाली, “आप्पा, खडू तुमच्याकडं न्हाई.”

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. मग आप्पाच खो खो हसले. “द्या बाबा, द्या खडू! घरी बायकू बोलू देत न्हाई, हितं ही.”

त्यांनी लिहिलं, रानात काम. आमूने विचारलं, कसं कळलं? आप्पा म्हणाले, सगळ्यांनाच म्हाईत हाय. शेजारी प्रश्नचिन्ह पडलं. मग सातवीतल्या एका मुलीने खाली मान घालून एक ओढा काढला : संडासात पाणी नसतं. त्याच्या पुढे दुसरा : म्हणून आम्ही सकाळपासून पाणी पीत नाही. आणि चौकोनाला टेकणारा तिसरा : डोकं दुखतं. चौकटीत लिहिलं, ‘आमचंच दुखतं.’ आप्पांनी त्याच आठवड्यात आपल्या मोटरीवरून शाळेपर्यंत पाईप टाकला.

हे सुमितने पाहिलं नव्हतं. ते त्याला सांगायचं, असं ठरवून मी रविवारची वाट पाहत होतो. पोर इथे माणसात बोलायला शिकली आहे, चार मोठ्या माणसांना भोवती बसवते आहे. तिकडे तिला कोण विचारणार? मनात मी सगळं जुळवून ठेवलं.

रविवारी दोघं मोटरसायकलवर आली. सीमाने आल्या आल्या आमूचे केस विंचरायला घेतले आणि जेवणं होईपर्यंत तिला सोडलंच नाही. जेवल्यावर सुमितने विषय काढला.

“इंग्लिश मिडियम हाय आबा. बस दारात येती. आता सीमाला कायम दिवसाची जनरल शिफ्ट मिळालीय, संध्याकाळी खोलीवर असती. मग हितं का ठिवायची?”

“हितं काय वाईट चाललंय?”

“वाईट कोण म्हणतंय?”

“तसाच अर्थ झाला की.”

“आबा, तुम्ही म्हंजी ना…”

आवाज चढायला लागले. आमू उठली, दप्तरातून खडू काढून आणला आणि आमच्या मधल्या शहाबादी फरशीवर चौकोन काढला. आत लिहिलं : ‘आमू कारेगावला जाते’.

“हितं मीटिंग हाय का?” सुमित म्हणाला.

“व्हय. पप्पा, खडू धरा. का जायचं, ते ओढ्यात. गेल्यावर काय हुईल, ते चाऱ्यात.”

“आयला, चौथीतच कलेक्टर झाली ही!” तो हसला, पण त्याने खडू धरला. डावीकडे लिहिलं, इंग्रजी. बस. जनरल शिफ्ट. प्रत्येकाला आमूने कसं कळलं ते विचारलं आणि प्रत्येकाचं त्याच्याकडे उत्तर होतं. शाळा त्याने आत जाऊन पाहिली होती.

मग खडू माझ्याकडे आला. माझं अक्षर मोठं आणि वाकडं येतं, वेळ लागतो. कोणी घाई केली नाही. उजवीकडे मी लिहिलं, ‘मागचा बाक’. खाली लिहिलं, ‘बोलू देणार नाहीत’.

“आबा, हे कसं कळलं?” आमूने विचारलं. तिचा आवाज सभेत असतो तसा झाला होता.

“तिथं वर्गात लई पोरं असत्यात.”

“पाहिली तुम्ही?”

“न्हाई.”

“कुणी सांगितलं?”

तिने दोन्हीपुढे प्रश्नचिन्ह काढलं. सुमित दुसरीकडे बघत होता, तेवढी लाज त्याने माझी राखली. इतक्या दिवसांचं माझं सगळं जुळवलेलं त्या दोन खुणांत संपलं. माझ्याकडे जे उरलं होतं त्याला जुळवायची गरज नव्हती. मी परत वाकलो आणि लिहिलं : ‘मला करमणार नाही’.

“हे कसं…” आमू सवयीने म्हणाली, आणि थांबली.

बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती. मग सीमा पुढे सरकली. आल्यापासून ती यावर एक शब्द बोलली नव्हती. तिने माझ्या बोटांतून खडू घेतला, फरशीच्या डाव्या टोकाला गेली आणि सगळ्या ओढ्यांच्या वर लिहिलं : ‘मला करमत नाही’. लिहून झाल्यावरही तिचा हात तिथेच होता.

“सुट्टीला मी हितं येऊन जाते तवा तर लई वाईट,” ती फरशीकडे बघत म्हणाली. “आत्या व्हत्या तवा त्यांच्याजवळच झोपायची ही, आज्जीजवळ. माझ्याजवळ आली की रात्री उठून तिकडं जायची. मी कुणाला कवा बोलले न्हाई, आबा.”

आमू दोन्ही वाक्यांकडे आळीपाळीने बघत होती. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. आकृतीत काहीतरी चुकलंय का, ते शोधत असावी तशी तिची नजर होती.

“दोन्हीकडं एकच आलंय,” ती म्हणाली.

“मग?” मी विचारलं. माझा जीव त्या एका शब्दात गोळा झाला होता.

“पण मम्मीचं ओढ्यात हाय, आबा. ते कवाचं चालूच हाय.” तिने माझ्या वाक्यावर बोट ठेवलं. “तुमचं अजून व्हायचंय.”

तिच्या बोलण्यात कठोरपणा नव्हता. शाळेत दिसेल ते सांगायचं, तसं तिने सांगितलं. मला म्हणता आलं असतं की माझंही सुरू झालं आहे, फोन आला तेव्हापासून. सीमाच्या पाठीकडे बघून मी ते गिळलं.

“बरोबर हाय,” मी म्हणालो. “आईकडं जा तू.”

सीमा तोंडाला पदर लावून आत गेली. सुमित मोटरसायकलच्या किल्लीशी खेळत म्हणाला, “आबा, तुम्हीबी चला की.” एका खोलीत चार माणसं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. “येईन मधनंमधनं,” मी म्हणालो.

तिला न्यायला ते जूनमध्ये येणार होते. हाताशी मे महिना होता. एका सकाळी मी आमूला म्हणालो, “चल, तुला दौंड दाखवतो.” माझी जवानी तिथल्या रेल्वेच्या मालधक्क्यावर पोती उचलण्यात गेली. तिने ते कधी पाहिलं नव्हतं आणि कारेगावला गेल्यावर कशाला पाहील?

आत कोणी सोडलं नाही. आम्ही रेल्वेच्या पुलावर उभे राहिलो. मी तिला दाखवलं, वॅगन कुठे लागायच्या, गहू कुठे, साखर कुठे, आम्ही सावलीला कुठे बसायचो. आता तिथे सावली नव्हती, झाड कोणीतरी काढलं होतं. आमू जाळीला नाक लावून ऐकत होती.

“तवा आज्जी कुठं व्हती?”

“त्या पलीकडल्या चाळीत. दुपारी डबा घेऊन रूळ ओलांडून यायची. गाडी आली की लांब उभी राहायची, आन् डबे सरकताना मधल्या फटीतनं दिसायची. दिसायची, जायची, दिसायची.”

“तुम्ही हाक मारायचा?”

“गाडीच्या आवाजात कुठली हाक?”

खाली एक मालगाडी आली. ती शेवटच्या डब्यापर्यंत जाईस्तोवर आमू पलीकडे बघत राहिली. मीही बघत राहिलो. नंतर आम्ही उसाचा रस प्यायलो आणि दुपारची शिरूरची एसटी धरली.

पाटसच्या पुढे तिचे डोळे मिटायला लागले. वरवंडला तिचं डोकं माझ्या दंडावर आलं. चौफुल्याला गाडी बराच वेळ थांबली, चणेवाले ओरडत होते, तरी ती जागी झाली नाही. तिच्या केसांना घाम आणि रसाचा वास येत होता. नदीवरचा पूल गेला. आमचा फाटा दिसायला लागला, लिंबाखालची टपरी, तिथे उभे असलेले ओळखीचे दोघं. मी हललो नाही. गाडी थांबली, दोघं चढले, गाडी निघाली.

“बाबा, तुमचा फाटा गेला की!” कंडक्टर बाई मागून म्हणाल्या. “डुलकी लागली का?”

“न्हाई. जागा हाय.”

“मग? थांबवू का गाडी?”

“नको,” मी म्हणालो. “पुढं न्हावऱ्यापातूर तिकीट द्या.”

बाईंनी आमूकडे पाहिलं आणि घंटेच्या दोरीवर गेलेला हात खाली घेतला. मला तिकीट काढायला खिशात हात घालायचा होता, पण त्याच हातावर ती झोपली होती. “राहू द्या, मग द्या,” त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या. न्हावऱ्याहून परतीची गाडी किती वाजता आहे, ते मी त्यांना विचारलं नाही.