कीर्तिरावांची कमान

वेल्ह्याहून पानशेतकडे जाणाऱ्या रस्त्याला ढेबेवस्तीचा फाटा फुटतो. तिथं कमान उभारायचं ठरलं तेव्हा ती कुणाच्या नावाची, यावर वाद झाला नाही. डोंगरातल्या वस्त्यांमधून जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेलेला पहिला माणूस याच वस्तीचा. फाट्यावरून वर चढणारा रस्ता त्यानंच मंजूर करून आणला, आणि तो कागदावर न राहता खाली जमिनीवरही झाला. प्रश्न एवढाच होता की, या माणसाचं नाव काय लिहायचं.

घरात आणि डोंगरात तो केरू. पुण्यात बोर्डाच्या बैठकीत तो कीर्तिराव. निवडून आल्यावर तिथल्या हितचिंतकांनी त्याला आधी कोट शिवून दिला आणि मग नाव. म्हातारा दोन्ही गोष्टी बैठकीपुरत्या वापरायचा. फाट्यावर एसटीतून उतरला की दोन्ही काखोटीला मारायचा आणि वस्तीकडं चढायला लागायचा.

त्याचा नातू सोमनाथ भोरला मुख्याध्यापक होता, त्यामुळे कमान समितीचं अध्यक्षपद त्याला टाळता आलं नाही. टाळायचंही नव्हतं. लहानपणी भोरच्या शाळेतल्या पोरांनी 'केराचा नातू' म्हणून त्याला सातवीपर्यंत पिडलं होतं. आता आजोबांचं नाव असं लागावं, की त्याखालून जाताना डोंगरातल्या माणसाची मान ताठ व्हावी, एवढंच त्याला हवं होतं. 'केरू'खाली ती ताठ होईल, असं काही त्याला वाटेना.

बिरोबाच्या देवळात बैठक बसली. केरूची लेक भागूबाई, म्हणजे सोमनाथची आत्या, खांबाला टेकून तंबाखू मळत होती.

"आत्या, 'माननीय कीर्तिराव ढेबे' असं टाकतोय."

"ह्यो कोन?"

"तुमचे वडील."

"माजा बा केरू. पाठोपाठ दोन पोरं गेली, मंग ह्यो झाला. माज्या आजीनं उकिरड्यावर ठिवला. शेजारच्या ठकुबाईनं केरातनं उचलला आन सूपभर नाचणी घिऊन परत दिला. मरनाला वाटावं, केर हाय, ह्यो काय न्यायचा! त्या नावानं वाचला, म्हनून तू हितं अध्यक्ष हायेस."

"ते खरं आहे, आत्या. पण बाहेरचे लोक वाचणार…"

"भायेरच्यांनी कवा मत दिलं व्हतं त्याला?"

यावर चर्चा न करता ताबडतोब मतदान घेण्यात आलं. सगळे हात कीर्तिरावांच्या बाजूनं वर गेले. भागूबाईचे दोन्ही हात तंबाखूत होते.

कमान झाली. गुलाबी फरशीचे दोन खांब, त्यांवर दोन सिंह, मध्ये सोनेरी 'कीर्तिराव'. अक्षरं एवढी मोठी घेतली की आडनाव कोपऱ्यात अंग चोरून बसलं. उद्घाटनाला आठवडा राहिला असताना शनिवारी सोमनाथ रंग बघायला आला, तर पुण्याची एक गाडी त्याच्यापाशी थांबली.

"काका, रूम आहेत का?"

"कसल्या?"

"कीर्तिराव रिसॉर्ट ना हे?"

"नाही हो. ते माझे आजोबा."

"अरे वा! अजून स्वतः चालवतात? चुलीवरचं पिठलं मिळेल ना?"

सोमनाथनं त्यांना पुढं धरणाकडं लावून दिलं. शहरी माणसं, चालायचंच, असं म्हणून तो वळतो तोच वरच्या दुसऱ्या वस्तीवरचा बिरू मरगळे गुरं आणि शेरडं घेऊन उतरला. कमान दिसताच त्यानं काठी आडवी धरली, हाळी दिली आणि सगळा कळप रस्ता सोडून बाजूच्या ओढ्यात घातला. गाभण म्हैस दगडांवरून घसरत होती.

"बिरूदा, रस्ता सोडून ओढ्यातनं कुठं?"

"चार दिस झालं, हितनंच जातोय बाबा. कुना रावाचा बंगला व्हतोय न्हवं. तिकडं पानशेतच्या अंगाला एकाच्या फाटकातनं शेरडं गेली, तर त्यानं कुत्रं सोडलं. माजी शेळी फाडली. चांगली दुधाची शेळी."

"बंगला नाही हो. आपली कमान आहे. आजोबांची."

बिरूनं मान वर करून पुन्हा वाचलं. "ह्यो कीर्तिराव तुजा आजा? आन केरूतात्या मंग कोन?"

सोमनाथनं ओढ्याकडं पाहिलं. आजोबांनी रस्ता आणला होता आणि आजोबांच्याच नावाला भिऊन माणसं ओढ्यातून चालली होती. "तेच," तो म्हणाला.

"आरं, मंग तसं लिवायचं की! केरूतात्याच्या रस्त्यावर आमच्या गुरांना कुनी हाड म्हनायला धजलं न्हाई आजपतुर."

सोमनाथनं तिथूनच पेंटरला फोन लावला. समितीतले दोघे रागावले. पाहुणे काय म्हणतील, हा त्यांचा मुद्दा होता. "पाहुणे एकदाच जाणार खालून," सोमनाथ म्हणाला. "बिरूदा रोज जातो." सोनेरी रंग संपला होता, म्हणून 'केरू ढेबे' ठसठशीत काळ्यात आलं. या खेपेला आडनावालाही जागा मिळाली.

उद्घाटनाला पाहुण्यांनी कागद बघून "कै. केरूरावजी" अशी सुरुवात केली.

"राव काडा!" भागूबाई पहिल्या रांगेतून ओरडली. "बिनरावाचाच निवडून आला व्हता."

पाहुण्यांनी राव काढला. मग सोमनाथनं माईक घेतला. भाषण त्यानं तयार केलं होतं, ते खिशातच राहिलं. "मी केरूचा नातू," तो म्हणाला. "भोरची पोरं मला केराचा नातू म्हणायची. तेही बरोबरच होतं." टाळ्या वाजल्या. भागूबाईनं वाजवल्या नाहीत. तिनं पदरानं डोळे पुसले आणि शेजारणीला सांगितलं, की तंबाखू डोळ्यात गेली.

फीत कापायला पाहुणे निघाले तेवढ्यात बिरूची शेरडं वरून आली आणि पुढच्या बोकडानं फीत तोंडात धरून नेली. मागून ती गाभण म्हैस शांतपणे, रस्त्याच्या मधोमध, कमानीखालून उतरली. बिरूनं जाता जाता खांबाला हात लावून कपाळाला नेला.

फाट्यावर एक गाडी अडकून हॉर्न वाजवत होती. सोमनाथ काचेपाशी गेला.

"ओ, बाजूला घ्या ना ती जनावरं!"

"थांबावं लागेल," सोमनाथ म्हणाला. "केरू ढेब्यांचा रस्ता आहे. आधी गुरं जातील."