पुढे पाठवले

मोजणीबाईंनी रजिस्टरवर पट्टी ठेवली आणि अठराव्या ओळीखाली बोट धरलं. गावाकडच्या छोट्या हॉस्पिटलचं ते बाळंतपणाचं रजिस्टर. सकाळी पावणेदहाला मुलगा, वजन पावणेतीन किलो. आईपुढे शेरा होता, ‘रक्तस्राव थांबत नाही, पुढे पाठवले’, वेळ सव्वाअकरा. त्यांनी मुख्य हॉस्पिटलच्या अपघात विभागाचं रजिस्टर ओढलं. त्याच दिवशी सव्वाबाराला तेच नाव, आणि शेरा, ‘आणण्यापूर्वीच मृत्यू’. मधला तास कुठेच लिहिलेला नव्हता.

नाव त्यांच्या भाचीचं होतं.

सात हॉस्पिटलांच्या या संस्थेत त्यांना तोंडावर बाई आणि पाठीमागे मोजणीबाई म्हणत. त्यांना दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्ही चालत होतं. जन्म, ऑपरेशनं, रक्ताच्या पिशव्या, चष्मे, सगळं मोजून त्या दरवर्षी वार्षिक अहवालाला आकडे देत. एका डॉक्टरांनी गमतीनं विचारलं होतं की वर्षभरात पेशंट किती कप चहा पितात, तर बाईंनी दुसऱ्या दिवशी आकडा आणून दिला होता.

यंदाच्या अहवालाचं पहिलं पान एकाच ओळीचं होतं. सलग पाच वर्षं आमच्याकडे एकही बाळंतीण दगावलेली नाही. हीच ओळ फाटकावरच्या मोठ्या फलकावर लावली होती. गेल्या सोमवारी बाईंची धाकटी बहीण लेकीचा मृत्यूचा दाखला न्यायला आली, तेव्हा त्या फलकाखालूनच आत आली.

"ताई, खाली फाटकावर काय लिहिलंय ते वाचलंस?"

"वाचलं."

"मग माझी पोर काय अजून वाटेतच आहे?"

बहीण दाखला घडी करून पर्समध्ये टाकून निघून गेली. त्यानंतर चार दिवस तिनं फोन उचलला नव्हता.

दुपारी दोनला प्रसिद्धी अधिकारी आला. तरुण, हसतमुख, हातात अहवालाची कच्ची प्रत. चारला ती छापखान्यात जायची होती. आकड्यांच्या पानाखाली बाईंची सही लागे.

"शून्य खोडा," बाई म्हणाल्या. "एक लिहा."

त्यानं खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला.

"बाई, नियम तुमचाच आहे ना?"

त्यांचाच होता. सहा वर्षांपूर्वी एकच मृत्यू दोन हॉस्पिटलांनी मोजला आणि दोन्हीकडचे मुख्य डॉक्टर एकमेकांवर तुटून पडले. तेव्हा बाईंनी तोडगा काढला. जिथून पेशंट पाठवला त्यांनी मोजायचं नाही, जिथे त्याला खाट मिळाली त्यांनी मोजायचं. सगळ्यांनी वाहवा केली. जिला खाट मिळण्याआधीच रस्त्यात काही झालं तिचं काय, हे कुणी विचारलं नाही. बाईंनाही सुचलं नव्हतं. बाळ मात्र नियमात नीट बसलं, ते जन्मांमध्ये मोजलं गेलं.

अधिकारी वाईट माणूस नव्हता. भाचीच्या अंत्यविधीला तो उन्हात तासभर उभा होता.

"आकडा राहू द्या," तो म्हणाला. "सगळ्या नर्सेस त्यासाठी राबल्यात. पण मी एक पान मोकळं काढतो. तिचा फोटो टाकू, खाली चार ओळी. तुमच्या बहिणीलाही बरं वाटेल."

खरं सांगायचं तर बाईंना मोह झाला. बहीण दार उघडेल, पान हातात घेईल, निदान आत बोलावेल.

"चारपर्यंत थांबा," त्या म्हणाल्या.

एक आकडा बदलायचा तर मागचे ताडून बघायचे, ही त्यांची जुनी खोड. त्यांनी कपाटातून पाच वर्षांची रजिस्टरं काढली आणि दोन्हीकडच्या ओळी जुळवत बसल्या. पहिल्या वर्षी दोन. मग एक. तिसऱ्या वर्षी तीन, त्यातल्या एका नावावर चहाचा गोल डाग होता, त्यांच्याच कपाचा. भाचीला धरून नऊ बायका झाल्या; त्यांची नावं आणि रजिस्टरातले फोन नंबर त्यांनी एका यादीत उतरवले. आधीच्या आठही नावांपुढे लाल शाईची बारीक खूण होती. तिचा अर्थ, बघितलं, नियमात बसतं, पुढे. खूण त्यांच्याच हातची होती. बाईंना स्वतःची शरम वाटली. भाची नसती तर यंदाही त्यांनी तशीच खूण केली असती.

चारला अधिकारी दारात आला.

"मग, कोणता फोटो देताय?"

"नऊ लागतील."

त्यानं टेबलावरची यादी उचलली, वाचली, परत ठेवली.

"हे छापून येणार नाही, बाई."

"मग माझी सहीही नाही."

"सही करणारे पुष्कळ आहेत हो," तो म्हणाला. रागानं नाही, थकून. कच्ची प्रत घेऊन तो निघून गेला. बाईंनी त्याची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत ऐकली.

मग त्यांनी यादीतल्या पहिल्या नावापुढचा नंबर फिरवला. पाच वर्षांपूर्वीचा नंबर, लागेल याची आशा नव्हती. तिसऱ्या घंटीला म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला. बाईंनी हॉस्पिटलचं नाव सांगितलं, मग त्या नावाची बाई तुमची कोण, असं विचारलं.

"सून," तो म्हणाला, आणि लगेच घाईघाईनं, "काही कागद राहिला का हो आमच्याकडून? आम्ही सगळे दिले होते. थांबा, पिशवी वर ठेवलीय, काढतो."

"नाही आजोबा, कागद नकोय, ऐका..."

पण त्यानं फोन खाली ठेवला होता, चालूच. स्टूल सरकवल्याचा आवाज आला. मग लांबून, कुणाला तरी सांगितलेलं, जरा मोठ्यानं.

"अगं, जरा हात दे. हॉस्पिटलातून फोन आलाय, आपल्या सुनेचं विचारतायत."