गोठ्यासाठी राखलेल्या आरोळ्या

आमच्या पोर्ट अलवानात माणूस गेला की मुलांमध्ये भांडण लागतं ते शेतावरून नाही, स्टेडियममधल्या जागेवरून. गावची वस्ती चाळीस हजार आणि स्टेडियम साठ हजारांचं. तरीही जागा मिळत नाही. माझ्या मेहुण्याने नाव नोंदवलं तेव्हा त्याला दात येत होते, आणि नंबर लागला तेव्हा एकही उरला नव्हता.

या सगळ्यात क्लेम प्रिबिलची जागा सर्वांत चांगली होती. मैदानाच्या अगदी कडेला, खेळाडू धापा टाकत गेला तर त्याचा वारा लागेल इतकी जवळ, आणि तीही फुकट. अट एकच होती. तोंडातून आवाज काढायचा नाही.

क्लेम साखळीवाला होता. आमचा फुटबॉल अमेरिकन, चेंडू हातात धरून धावायचा; त्याचा सगळा जीव दहा यार्डांत असतो. संघाला चार प्रयत्न मिळतात; त्यांत चेंडू दहा यार्ड पुढे नेला तर आणखी चार, नाहीतर चेंडू समोरच्यांच्या हवाली. दहा झाले की नाही यावर संशय आला की बरोबर दहा यार्डांची साखळी मैदानात जाते. तिच्या पुढच्या टोकाची काठी क्लेमकडे, मागच्या टोकाची नॉर्बकडे, आणि कितवा प्रयत्न चाललाय तो आकडा दाखवणारी तिसरी काठी माझ्याकडे. आम्ही तिघेही इथेच जन्मलेले, पण साखळी हातात असेपर्यंत आम्ही कुणाचेच नसतो. आनंद नाही, हळहळ नाही, भुवईसुद्धा उचलायची नाही, असा लीगचा नियम आहे.

नॉर्बला हे सोपं होतं. तो मर्तिकाची व्यवस्था बघणारा माणूस, गंभीर चेहऱ्यावरच त्याचं पोट. मी आयुष्यभर तळ्यावर मासे पकडले. केवढा मासा हातून सुटला हे सांगताना चेहरा कसा स्थिर ठेवायचा ते मला शिकवावं लागलं नाही. हाल व्हायचे ते क्लेमचे. त्याच्या बापाने याच काठीवर बावीस वर्षं काढली होती, क्लेमचं हे एकोणतिसावं चाललं होतं, आणि आमच्या आइसकटर्स संघावर त्याच्याइतका जीव टाकणारा माणूस गावात दुसरा नव्हता.

मग तो करायचा काय? सगळं साठवून घरी न्यायचा. सामना संपला की थेट गोठ्यात जायचा, दार लावायचा आणि पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंतची सगळी हळहळ बेचाळीस गायींसमोर क्रमाने बाहेर काढायचा. एकही गाळायचा नाही. परगावचे सामने तो रेडिओवर गोठ्यातच ऐकायचा, म्हणजे तेही गायींना ताजे मिळायचे. दूध न्यायला येणारा टँकरवाला टाकीवरचा उतरलेला आकडा बघून म्हणायचा, "काल पुन्हा हरलो वाटतं." त्याला पेपर लागत नसे.

एकोणीस वर्षं असंच चाललं होतं, कारण एकोणीस वर्षांत आइसकटर्सने निम्मे सामने जिंकलेत असा एकही हंगाम झाला नव्हता. अधूनमधून एखादा सामना जिंकलोच तर क्लेम पुढच्या हरण्याची हळहळ आधीच काढून ठेवायचा. गायींच्या तीन-चार पिढ्या नुसत्या हळहळीवर वाढल्या. आनंदाची आरोळी कशी असते हे त्यांच्या आज्यांनाही ठाऊक नव्हतं.

आणि मग त्या सप्टेंबरात आम्ही जिंकलो. पहिलाच घरचा सामना, सोळा गुणांनी. त्या संध्याकाळी क्लेमने गोठ्यात जाऊन पहिली आरोळी ठोकली तेव्हा बर्निस नावाची त्याची म्होरकी गाय शिडीने गवताच्या माळ्यावर चढली. तिला खाली उतरवायला मंगळवार उजाडला. तुम्हाला शंका असेल तर ती शिडी अजून तिथे आहे, तिची तिसरी पायरी मोडलेली आहे.

पुढे गायींना सवय झाली. आम्ही जिंकत गेलो तसं दूध वाढत गेलं. नोव्हेंबरात चीज कारखान्याचा माणूस चाऱ्याचा नमुना पिशवीत भरून घेऊन गेला.

पंचाईत झाली क्लेमची. हळहळ जड असते. ती आपोआप खाली उतरून तळव्यात जाऊन बसते. त्याच्या बुटांच्या टाचा दर हंगामात झिजायच्या, एवढाच त्रास. आरोळी हलकी. ती वर चढते. चौथ्या विजयाला त्याचे कान बिटासारखे लाल झाले. पाचव्याला त्याची टोपी डोक्यावरून एक इंच वर उचलली गेली आणि तशीच राहिली. इंच मी अंदाजाने सांगत नाही, नॉर्बने मोजला. साखळीवाल्यांना मोजायची सवय असते.

ती टोपी श्रीयुत विंगेटनी पाहिली. विंगेट म्हणजे लीगचा निरीक्षक. गेली अकरा वर्षं आमच्या प्रत्येक घरच्या सामन्याला राखाडी कोट घालून हजर. चेहरा हिवाळ्यात लावून घेतलेल्या खिडकीसारखा. हातात वही. ते क्लेमजवळ आले आणि आवाज न चढवता म्हणाले, "मिस्टर प्रिबिल, टोपीबद्दल नियम नाही. पण तोंडातून एक आवाज आला, फक्त एक, तर ही काठी दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल."

क्लेम त्या रात्री जेवला नाही. काठी गेली तर तो करणार काय? जागेसाठी नाव नोंदवलं तर नंबर लागेपर्यंत तो एकशे दोन वर्षांचा झाला असता. आम्ही सल्ले दिले. नॉर्ब म्हणाला, मर्तिक आठव. क्लेमने सासूचं आठवलं, तर टोपी दोन इंच गेली.

शेवटी उपाय काढला त्याच्या बायकोने, लोरेटाने. "तोंड भरलेलं असलं की तू माझ्या बहिणीशीसुद्धा बरा वागतोस," ती म्हणाली. "तेच कर." आणि रविवारी सकाळी ताज्या चीजच्या खड्यांची पिशवी तिने त्याच्या खिशात घातली.

आरोळी आली की क्लेम दोन्ही गालांत खडे भरायचा. आरोळी येऊन त्यांच्यावर आपटायची आणि परत फिरायची. उपाय नामी होता, पण ताजं चीज दाताखाली आलं की चीं चीं वाजतं, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही माहीत असतं. विंगेट बाहेरगावचे. त्यांना वाटलं, उंदीर. त्यांनी वहीत लिहिलं आणि मैदानाच्या कडेला बाकांखाली सापळे लावायला सांगितलं. पुढच्या सामन्यात एका सापळ्यात पाहुण्या संघातल्या, लाथेने चेंडू मारणाऱ्या खेळाडूचा अंगठा सापडला. तोही सामना आम्ही जिंकलो. अंगठ्याची नोंद विंगेटनी इमानदारीने केली.

असं करत हंगामाचा शेवटचा सामना आला. आमच्याच मैदानावर, ग्रँड मॅरोच्या टॅनर्सशी. जिंकेल तो गटात पहिला. ग्रँड मॅरोचं आणि आमचं पटत नाही, आणि का पटत नाही हे विचारणाऱ्याशीही आमचं पटत नाही. थंडी अशी होती की माणूस थुंकला तर खाली टक्कन आवाज यायचा. समोरच्या बाकांवरची माणसं एकमेकांना इतकी चिकटून बसली होती की एक शिंकला की पूर्ण रांग हलायची.

शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आम्ही दोन गुणांनी पुढे होतो, चेंडू त्यांच्याकडे होता आणि माझ्या काठीवर चारचा आकडा होता. म्हणजे त्यांचा शेवटचा प्रयत्न. दहा यार्ड पुरे झाले तर ते आणखी पुढे सरकून, लाथेने चेंडू मारून तीन गुण आणि सामना नेणार; नाही झाले तर सामना आमचा. त्यांचा धिप्पाड गडी चेंडू पोटाशी धरून घुसला, त्याच्यावर आमचे सात जण पडले. ढीग उपसून चेंडू सापडला तेव्हा पंचाने मैदानाच्या कडेकडे हात केला. साखळी आणा.

आम्ही निघालो. साठ हजार माणसं श्वास धरून उभी होती. बर्फात आमच्या बुटांचा आवाज आम्हालाच मोठा वाटत होता. नॉर्बने मागची काठी खुणेवर टेकवली, क्लेमने साखळी ताणली आणि पुढची काठी उभी केली. पंच गुडघ्यावर बसला. मी वाकून बघितलं. चेंडूचं नाक आणि काठी यांच्यामध्ये फट होती. चीजचा एक खडा बसेल, एवढी. कमी पडले होते.

पंचाने अजून हात उचलला नव्हता. क्लेमने मात्र पाहिलं होतं. टोपी चार इंच वर गेली, डोळे बाहेर आले, आणि जे वर येत होतं ते अडवायला त्याने दात आवळले.

चीं.

त्या शांततेत ते वरच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. पुढच्याच क्षणी पंचाने हात फिरवला आणि साठ हजार माणसं फुटली, पण तोवर विंगेट क्लेमकडे वळले होते.

सामना संपल्यावर ते आमच्याजवळ आले. "उंदीर सापडला," ते म्हणाले. "जाकीट द्या, मिस्टर प्रिबिल."

साखळीवाल्याचं पट्ट्यापट्ट्यांचं जाकीट जाणं म्हणजे काठी जाणं. क्लेमने मान खाली घातली आणि बक्कल ओढलं. निघेना. घाम आणि बर्फ मिळून ते जाकीट पत्र्यासारखं झालं होतं. नॉर्बने किल्लीने प्रयत्न केला. मी मासे कापायचा चाकू काढला, तर विंगेट म्हणाले की लीगची मालमत्ता कापता येणार नाही. मग ऊब कुठे मिळेल? क्लेम म्हणाला, गोठ्यात. विंगेटनी वही बघितली. "जाकीट जिथे जाईल तिथे मला जावं लागेल," ते म्हणाले आणि क्लेमच्या ट्रकमध्ये चढून बसले. साक्षीदार म्हणून मागच्या सीटवर मी.

वीस मिनिटांच्या रस्त्याला दोन तास लागले. सगळं गाव रस्त्यावर होतं. माणसं गाड्यांच्या टपांवर नाचत होती. एकाने आमच्या काचेवर टकटक केलं, "काका, ओरडा की!" क्लेम समोर बघत बसला. जाकीट अंगावर होतं ना! त्या माणसाने त्याचा चेहरा निरखला, मग विंगेटचा निरखला. आम्ही ग्रँड मॅरोचे आहोत अशी त्याची खात्री झाली आणि पुढचे दोन चौक आमच्यावर बर्फाचे गोळे पडत राहिले.

लोरेटा नुकतीच संध्याकाळचं दूध काढायला बादली घेऊन आली होती. गोठा उबदार होता. बेचाळीस गायी दाराकडे तोंड करून उभ्या होत्या. रविवारी या वेळेला त्या अशाच उभ्या असायच्या. आम्ही चौघं वाट बघत उभे राहिलो. जाकिटातून पाणी टपकायला लागलं. मग बक्कल खटकन सुटलं. क्लेमने जाकीट काढलं, त्याची घडी घातली आणि विंगेटच्या हातात दिलं.

आता त्याला अडवणारं कुणी नव्हतं. तो गोठ्याच्या मध्यावर गेला, पाय रोवले, तोंड उघडलं. मी कान झाकले. लोरेटाने बादली धरून ठेवली.

काही आलं नाही. वर चढणारी आरोळी आणि काठी गेल्याची हळहळ एकदम एका दाराशी आली आणि दारातच अडकली. गायी बघत होत्या. क्लेमने पुन्हा तोंड उघडलं. नुसती वाफ.

तेव्हा बर्निसने मान वर केली आणि हंबरली. साधं हंबरणं नव्हे. पहिल्या सामन्यातली पहिली आरोळी होती ती, तशीच्या तशी, शेवटच्या हेलासकट. तिच्या शेजारणीने दुसरी काढली. मग बेचाळीसच्या बेचाळीस सुरू झाल्या आणि पूर्ण हंगाम क्रमाने झाला, सोळा गुणांच्या विजयापासून थेट सापळ्यातल्या अंगठ्यापर्यंत. छपरावरचा बर्फ एकदम खाली आला. कोंबड्यांनी त्या रात्री दुसऱ्यांदा अंडी घातली. ग्रँड मॅरो इथून नव्वद मैलांवर आहे, तिथल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या असं मी ऐकतो. मधोमध क्लेम उभा होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. बर्फ वितळतोय, असं तो नंतर म्हणाला.

सगळं शांत झाल्यावर विंगेटनी वही काढली आणि बराच वेळ पानं उलटली. "गायींबद्दल नियम नाही," ते म्हणाले.

"आणि चीजबद्दल?" मी विचारलं.

त्यांनी वही मिटली. हातातलं जाकीट जवळच्या खिळ्याला अडकवलं, टोपी काढली, आणि लोरेटाकडे वळून, चर्चमध्ये विचारावं तसं हळूच विचारलं, "बाई, एखादी जागा रिकामी आहे का?"

मग कळलं. विंगेट दक्षिणेकडच्या कुठल्याशा गावचे. त्यांच्या गावचा संघ त्या हंगामात सतराच्या सतरा सामने हरला होता, आणि त्याआधीच्या दहा हंगामांतही फार वेगळं काही घडलं नव्हतं. निरीक्षकाने कुणाचं असू नये, म्हणून अकरा वर्षांत त्यांनी हे एका माणसाला सांगितलं नव्हतं. लोरेटाने शेवटची मोकळी जागा दाखवली. ते तिथे गेले, भिंतीकडे तोंड केलं आणि हळहळले. कसं सांगू? मी तळ्यावरचा जाड बर्फ मधोमध तडकताना ऐकलाय. तो याच्यापुढे काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी टँकरवाला टाकीजवळ डोकं खाजवत उभा होता. दूध निम्म्यावर आलं होतं. "अहो, पण आपण जिंकलो ना?" तो पुन्हापुन्हा विचारत होता.

जाकीट खिळ्यावरच राहिलं. पुढच्या सप्टेंबरात क्लेमने ते घातलं आणि आपल्या काठीशी उभा राहिला. विंगेट वही घेऊन समोरून गेले, त्यांनी क्लेमच्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं आणि सापळे काढून टाकायला सांगितलं. सामना संपल्यावर ते आमच्याबरोबर ट्रकमध्ये चढले, याचंही कुणाला नवल वाटलं नाही.

गोठ्याच्या दारात मात्र लोरेटा हात कमरेवर ठेवून उभी होती. "मिस्टर विंगेट," ती म्हणाली, "तुमचे लोक हरले असतील तर दूध काढून झाल्यावर."

विंगेटनी वही उघडली आणि तो नियम लिहून घेतला.